चित्राचे थर आणि पॅकेटावरची खूण

व्हिडिओ बैठकीत एका वेळी बोलणारा एक असतो आणि पाहणारे अनेक. त्या अनेकांतल्या कोणा दोघांची परिस्थिती सारखी नसते. पुण्यातल्या घरी फायबर असते, रत्नागिरीजवळच्या गावात मोबाइलची रेंज येते-जाते, न्यू जर्सीतली मुलगी मोठ्या पडद्यावर पाहत असते. बोलणाऱ्याचा कॅमेरा मात्र एकच आणि त्याची वर जाणारी जोडणीही एकच. मग त्याने कोणत्या दर्जाचे चित्र पाठवावे? सगळ्यांत कमकुवत जोडणीचा विचार केला तर फायबरवाल्यालाही धूसर चेहरा दिसतो. उत्तम दर्जा धरला तर गावाकडचे चित्र गोठते. या प्रश्नाचे एक देखणे उत्तर २००७ सालीच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाले. तरीही पुढे कितीतरी वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे ते एकमेकांशी वापरू शकली नाहीत. चित्र लहान करण्याचे गणित चोख होते. पण त्या चित्राबद्दल एकमेकांना काय सांगायचे, कधी सांगायचे आणि कोठे लिहायचे, हे नीट ठरले नव्हते. या सांगण्याला दूरसंचाराच्या धंद्यात सिग्नलिंग म्हणतात. ते प्रत्येक बैठकीआधीच्या वाटाघाटींतून काढून प्रत्येक पॅकेटावरच्या छोट्या, सर्वांना वाचता येणाऱ्या खुणेत नेले, तेव्हाच हा प्रश्न सुटण्याच्या वाटेला लागला, असे माझे मत आहे. ते कशावरून, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची पहिली मोठी पिढी उभी राहिली ती १९९६ मध्ये आलेल्या एच.३२३ या मानकावर आणि पुढे २००२ च्या एसआयपीवर. या पिढीत अनेकांच्या बैठकीसाठी मध्यभागी एक भारी यंत्र लागे. त्याला एमसीयू म्हणत. ते प्रत्येकाचे चित्र उलगडे, सगळे चेहरे एका चौकटीत मांडे, आणि प्रत्येकाला झेपेल अशा दर्जात ते चित्र पुन्हा दाबून पाठवे. पाहणाऱ्याच्या बाजूने ही सोय उत्तम होती, कारण त्याच्या उपकरणाला एकच चित्र उलगडावे लागे. पण चित्र उलगडून पुन्हा दाबण्यात दर्जा घसरतो, वेळ जातो आणि यंत्राची किंमत माणसागणिक वाढते. वेळेचा मुद्दा लहान नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की, एका बाजूने दुसऱ्या बाजूला आवाज पोहोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ संभाषणाला मानवतो. त्यापलीकडे माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आता यातलाच काही भाग मधले यंत्र खाऊन टाकत असेल, तर पुणे ते न्यू जर्सी या अंतराला उरते किती? म्हणून चित्र न उलगडता केवळ पॅकेटे पुढे ढकलणारा हलका सर्व्हर असावा, ही कल्पना पुढे आली. त्याला आज एसएफयू म्हणतात, आणि बहुतेक लोकप्रिय बैठक-ॲपांच्या मध्यभागी तोच असतो.

पण असा सर्व्हर चित्र बदलू शकत नाही. त्याच्या हातात फक्त दोन गोष्टी उरतात: पॅकेट पुढे पाठवणे किंवा टाकून देणे. तेव्हा टाकून दिले तरी चित्र मोडणार नाही, अशा बेताने ते आधीच बांधलेले हवे. नेमके हेच काम स्केलेबल व्हिडिओ कोडिंग, म्हणजे एसव्हीसी, करते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि एमपीईजी यांच्या संयुक्त गटाने एच.२६४ या मानकाला जोडलेले ‘जी’ परिशिष्ट म्हणजे हे तंत्र; ते नोव्हेंबर २००७ मध्ये मंजूर झाले. बर्लिनच्या हाइनरिख हर्ट्झ संस्थेतल्या हायको श्वार्त्झ, डेटलेव्ह मार्पे आणि थॉमस वीगांड यांचा त्यात मोठा वाटा होता. चित्र थरांत बांधायचे, हे त्याचे सूत्र. तळाचा थर स्वतंत्रपणे पाहता येतो. वरचा प्रत्येक थर खालच्यावर विसंबून चित्र सुधारतो. कालाचे थर समजायला सर्वांत सोपे. सेकंदाला ३० चित्रे असतील तर दर चौथे चित्र केवळ मागच्या दर चौथ्या चित्रावर आधारायचे. मधल्यांपैकी एक त्यावर, आणि उरलेली दोन या सगळ्यांवर. आता शेवटचा थर टाकला की सेकंदाला १५ चित्रे उरतात, त्याच्या खालचा टाकला की साडेसात. हालचाल खडबडीत होते, पण एकही चित्र बिघडत नाही. आकाराचे थर याच रीतीने ३२० बाय १८० ठिपक्यांच्या चित्रावर ६४० बाय ३६० चे आणि त्यावर १२८० बाय ७२० चे चित्र उभारतात. तिसरा प्रकार आकार तोच ठेवून रेखीवपणा वाढवण्याचा. मालगाडीचे मागचे डबे सोडले तरी इंजिन आणि पुढचे डबे निर्वेध जातात, तसा हा प्रकार. फक्त कोणता डबा कोणाच्या मागे जोडला आहे, हे यार्डातल्या माणसाला डबा न उघडता कळले पाहिजे.

एच.२६४ च्या या परिशिष्टाने ही माहिती लिहिण्याची सोयही केली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. थरांच्या चित्रातल्या प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर तीन जादा बाइट असतात. त्यांत आकाराच्या थरासाठी ३ बिट, दर्जाच्या थरासाठी ४ बिट आणि कालाच्या थरासाठी ३ बिट. म्हणजे कागदावर ८, १६ आणि ८ पायऱ्या, एकूण १,०२४ जोड्या. तीन आकडे वाचले की तुकडा कोणत्या पायरीवरचा, हे सर्व्हरला कळते. मग अडले कोठे? अडले ते बैठक सुरू होण्याआधीच्या संभाषणात. दोन उपकरणे एकमेकांना हाक मारतात तेव्हा चित्राआधी एक मजकूर पाठवतात. एसडीपी हा त्या मजकुराचा ठरलेला नमुना. १९९८ मध्ये तो आला आणि २००२ च्या आरएफसी ३२६४ या मानक-दस्तऐवजाने त्याला प्रस्ताव-उत्तराची शिस्त लावली. एक बाजू म्हणते, मला हे हे येते. दुसरी त्यातून आपल्याला जमेल ते निवडून परत कळवते. थरांचे चित्र हवे असेल तर तेही याच मजकुरात ठरवायचे. किती थर, कोणत्या आकाराचे, कोण कोणावर विसंबून, सगळे एकाच प्रवाहात की वेगवेगळ्या?

इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने हे काम मनापासून केले. जुलै २००९ मध्ये आरएफसी ५५८३ आले; एका प्रवाहाचे उलगडणे दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे एसडीपीत कसे लिहायचे, ते त्यात सांगितले. मे २०११ मध्ये आरएफसी ६१९० आले. थरांचे चित्र पॅकेटांत कसे भरायचे, याचा तो नियम. कोडेकचे, म्हणजे चित्र दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीचे, मानक मंजूर झाल्यानंतर साडेतीन वर्षांनी. तो दस्तऐवज आज वाचताना लिहिणाऱ्यांची काटेकोर तयारी जाणवते आणि अडचणही दिसते. सगळे थर एका प्रवाहात पाठवण्याची एक पद्धत आहे. प्रत्येक थर वेगळ्या प्रवाहात पाठवण्याची दुसरी. दुसऱ्या पद्धतीत विखुरलेले तुकडे पुन्हा क्रमाने कसे लावायचे, याचे चार प्रकार: वेळेच्या शिक्क्यावरून, क्रमांकावरून, दोन्हींवरून, आणि तुकडे आलटून-पालटून पाठवण्यासाठी एक. वेगवेगळ्या प्रवाहांचा मूळ हेतू समजण्याजोगा होता. एकाच वेळी असंख्य घरांत जाणाऱ्या प्रसारणात ज्याला जितके थर हवेत तितक्याच प्रवाहांना तो जोडून घेईल, अशी ती कल्पना. बैठकीच्या कामाला तिचा फारसा उपयोग नव्हता. पण मानक दोन्ही कामांसाठी एकच होते, त्यामुळे बैठकवाल्यांच्या वाट्यालाही सगळे पर्याय आले. ज्या मानकात एकच गोष्ट पाच रीतींनी करता येते, त्यात दोन कंपन्यांनी अगदी प्रामाणिकपणे दोन वेगळ्या रीती निवडाव्यात, आणि दोघींनी मानक पाळूनही एकीचे चित्र दुसरीला दिसू नये, हे सहज घडते.

याहून खोल अडचण प्रस्ताव-उत्तराच्या स्वभावातच होती. ही रीत दोघांच्या फोनसाठी घडली आहे. दोघांनी एकदा ठरवले की कॉल संपेपर्यंत ते टिकते. वीस जणांच्या बैठकीत मात्र मागणी क्षणाक्षणाला बदलते. आता जो बोलतो आहे त्याचे चित्र मोठे हवे, उरलेले एकोणीस चेहरे टपालाच्या तिकिटाएवढे चालतात. पुढच्या वाक्याला दुसरा कोणी बोलू लागतो. कोणी खिडकी लहान करतो, कोणाची गाडी बोगद्यात शिरते. अशा प्रत्येक वेळी नवा प्रस्ताव आणि नवे उत्तर करत बसलो तर उत्तर येईपर्यंत बोलणारा पुन्हा बदललेला असतो. पाहणाऱ्याने सर्व्हरला आणि सर्व्हरने पाठवणाऱ्याला ‘आता मला अमक्याचा एवढाच थर दे’ असे सांगायचे एक झटपट वाक्य हवे होते. ते कोणत्याच मानकात नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापले घडवले. मायक्रोसॉफ्टने ‘लिंक २०१३’ या आपल्या बैठक-ॲपमध्ये एच.२६४ चे थर आणले, तेव्हा एसडीपीत त्याचे नाव ‘एक्स-एच२६४यूसी’ असे स्वतःचे ठेवले आणि कोणाचे, किती मोठे चित्र हवे हे मागण्यासाठी स्वतःचा नियंत्रण-संदेश बनवला. गूगलच्या क्रोम ब्राउझरने अनेक दर्जांचे प्रवाह एकत्र बांधण्यासाठी एसडीपीत आपली वेगळी ओळ घातली. ती मानकात नसतानाही वर्षानुवर्षे सगळ्यांना पाळावी लागली. थरांची बैठक बाजारात यशस्वी करून दाखवणाऱ्या न्यू जर्सीच्या व्हिड्योने आपला सर्व्हर आणि आपले ॲप मिळून स्वतंत्र जग उभे केले. यातले प्रत्येक तंत्र आतल्या आत उत्तम चालत होते. बाहेरच्याशी बोलायचे म्हटले की मध्ये गेटवे बसवावा लागे. तो चित्र उलगडून पुन्हा दाबत असे, म्हणजे ज्या एमसीयूपासून सुटका हवी होती तोच मागल्या दाराने आत येत होता.

उद्योगातल्या मंडळींना हे दिसत नव्हते असे नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्ट, पॉलिकॉम, एचपी, लॉजिटेक-लाइफसाइझ आणि ज्युनिपर यांनी यूसीआयएफ हा मंच स्थापन केला. त्यांनी केलेले काम मला अजूनही मोलाचे वाटते, कारण त्यांनी प्रश्नाला योग्य बाजूने हात घातला. हजारो जोड्यांची मोकळीक काढून त्यांनी मोजके नामांकित मोड ठरवले. मोड ० म्हणजे थर नाहीत. मोड १ म्हणजे केवळ कालाचे थर. मोड २ मध्ये कालासोबत दर्जाचे किंवा आकाराचे थर, आणि मोड ३ मध्ये सगळे. नाव घेतले की दोघांनाही नेमके काय मिळणार हे कळते. त्यासाठी पानभर मजकूर लागत नाही. यातला मोड १ खरोखर वापरात रुळला. त्याचे कारण साधे आहे: कालाचे थर लावलेले एच.२६४ चित्र कोणताही सामान्य एच.२६४ डिकोडर उलगडू शकतो. दुसऱ्या बाजूला विचारायचेच नाही; थर ओळखायची गरज फक्त मधल्या सर्व्हरला. मोड २ आणि ३ मात्र समोरच्याचे उपकरण विशेष जातीचे असेल तरच चालत, आणि ते तसे आहे की नाही हे आधी विचारावे लागे. जे न विचारता चालते ते पसरले, ज्याला आधी विचारावे लागते ते मागे राहिले. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ध्यानात ठेवायला हवे.

इथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. एसव्हीसी मागे पडले ते पेटंटांमुळे आणि चिपमुळे. सिग्नलिंगला दोष कशाला? यातला चिपचा भाग मला मान्य आहे. त्या काळातल्या फोनच्या चिपमध्ये साधे एच.२६४ उलगडायची सोय असे, आकाराच्या थरांची नसे. बॅटरी जपायची तर चिपबाहेर हे काम करणे महाग पडे. पण दोन गोष्टी या स्पष्टीकरणात बसत नाहीत. पहिली म्हणजे मोड १. त्याला नवी चिप नको होती, तरीही वेगवेगळ्या कंपन्यांच्या बैठका त्यावर आपोआप जुळल्या नाहीत. डिकोडर तेच चित्र उलगडू शकत असताना आधीच्या संभाषणाची बोली जुळत नव्हती. दुसरी गोष्ट पेटंटांची. पॉलिकॉमने २०१२ मध्ये आपले एसव्हीसी तंत्र विनाशुल्क परवान्यावर देऊ केले होते. त्यानेही भिंती पडल्या नाहीत. आणि चिप बनवणाऱ्यांच्या बाजूने विचार केला तर, सिलिकॉनमध्ये एखादी सोय कोरण्याआधी ती कोणत्या रूपात वापरली जाणार हे त्यांना ठाऊक हवे. मानकात १,०२४ जोड्या आणि बाजारात प्रत्येकाची निराळी बोली असताना कोणती कोरावी? म्हणजे चिपचा अडथळा खरा होता, पण तो पुष्कळसा सिग्नलिंगच्या गोंधळातूनच वाढला होता.

वळण आले ते नव्या कोडेकांबरोबर. गूगलने २०१३ मध्ये हँगआउट्स एच.२६४ वरून व्हीपी८ वर नेले, आणि त्याच वर्षी व्हिड्योबरोबर व्हीपी९ साठी थरांची तयारी करण्याचे जाहीर केले. व्हीपी९ मध्ये एक चित्र वेगळ्या आकाराच्या दुसऱ्या चित्रावरून घडवण्याची सोय मूळ मानकातच आहे. तिच्यासाठी परिशिष्ट नाही, वेगळा वर्ग नाही. अलायन्स फॉर ओपन मीडियाने २०१८ मध्ये आणलेल्या एव्ही१ मध्येही थर मुख्य वर्गातच आहेत. याचा परिणाम दूरवर गेला. प्रत्येक डिकोडरला थर उलगडता येतातच, असे गृहीत धरता आले की बैठकीआधी ‘तुला थर येतात का’ हा प्रश्नच उरत नाही. डब्ल्यू३सीच्या वेबआरटीसी-एसव्हीसी या मसुद्याने हेच धरले आहे. त्यात पाठवणाऱ्याचे ॲप आपल्या ब्राउझरला एकच शब्द सांगते: ‘एल३टी३’ म्हणजे आकाराचे तीन आणि कालाचे तीन थर, ‘एल१टी२’ म्हणजे आकार एकच, कालाचे दोन. शब्दाला ‘की’ जोडले की वरचे थर खालच्यावर केवळ की-फ्रेमपुरते, म्हणजे मागच्या चित्रांवर न विसंबणाऱ्या चित्रापुरते, विसंबतात आणि पुढे आपापल्या वाटेने जातात. एसडीपीत यातले काही लिहायचे नाही. समोरच्याला विचारायचे नाही. यूसीआयएफच्या मोडांमागची दृष्टी इथे पुन्हा दिसते, फक्त आता तिला कोडेकच्या मानकाचा आधार आहे.

आता उरला मधला सर्व्हर. त्याला थर ओळखता आलेच पाहिजेत. एव्ही१ साठी घडवलेल्या डिपेन्डन्सी डिस्क्रिप्टर या खुणेत याचे आजवरचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर आहे, आणि म्हणून त्यावर थोडे थांबतो. ही खूण चित्राच्या आत नसून पॅकेटाच्या हेडरमध्ये असते. बैठक सुरू होताना आणि प्रत्येक की-फ्रेमबरोबर पाठवणारा एक तक्ता पाठवतो: या प्रवाहात चित्रांचे अमुक प्रकार येतील, प्रत्येक प्रकार मागच्या कोणत्या चित्रांवर विसंबतो, आणि कोणता दर्जा हवा असेल तर कोणते प्रकार लागतील. त्यानंतर बहुतेक पॅकेटांवर फक्त तीन बाइट लिहायचे: चित्राची सुरुवात आणि शेवट दाखवणारे दोन बिट, तक्त्यातल्या प्रकाराचा क्रमांक ६ बिटांत आणि चित्राचा क्रमांक १६ बिटांत. प्रत्येक दर्जाच्या दृष्टीने ते चित्र आवश्यक आहे, टाकण्याजोगे आहे, की त्यावरून वरच्या दर्जाला उडी मारता येईल, हेही तक्त्यावरून समजते. शिवाय त्यात साखळी नावाची कल्पना आहे. एखाद्या दर्जासाठी एकही चुकता कामा नये अशा चित्रांची ती माळ. तिचा दुवा तुटला की सर्व्हरला आणि पाहणाऱ्याला ताबडतोब कळते, आणि तुटला नसेल तर हरवलेल्या पॅकेटासाठी उगाच थांबावे लागत नाही. एसव्हीसीच्या तीन आकड्यांना हे जमत नव्हते. ते थराची पायरी सांगत, पण अमुक चित्र अमक्या चित्राविना उलगडेल का, याचे थेट उत्तर देत नसत. शिवाय या खुणेचा एव्ही१ शी अटळ संबंध नाही. तीच खूण दुसऱ्या कोडेकवरही लावता येते, म्हणजे नवा कोडेक आला तरी सर्व्हर बदलावा लागत नाही.

खूण चित्राबाहेर असण्याचे आणखी एक मोठे कारण आहे. बैठकीतले चित्र मधल्या सर्व्हरलाही दिसू नये, अशी मागणी आता सर्रास होते. रुग्ण आणि डॉक्टर, वकील आणि अशील यांच्या बोलण्यात ती असायलाच हवी. आयईटीएफने ऑगस्ट २०२४ मध्ये आरएफसी ९६०५ म्हणून प्रसिद्ध केलेले एसफ्रेम हे तंत्र त्यासाठीच आहे. चित्र पाठवणाऱ्याकडेच कुलूपबंद होते आणि पाहणाऱ्याकडे उघडते. मग चित्राच्या आत लिहिलेले थरांचे आकडे सर्व्हर वाचणार कसे? वाचू शकत नाही. म्हणजे जुन्या एसव्हीसीची रीत कुलपाशी जुळत नाही आणि हेडरमधली खूण जुळते. यावर गोपनीयतेची काळजी करणारे विचारतील की, खूण उघडी ठेवली तर चित्र न पाहताही सर्व्हरला बरेच काही समजणार नाही का? प्रश्न खरा आहे. चित्रांच्या आकारांवरून कोण हलतो आहे, कोण शांत आहे याचा अंदाज बांधता येतो. पण हे आकार खुणेशिवायही पॅकेटांच्या लांबीवरून दिसतातच. खूण त्यात फारशी भर घालत नाही. वाटेतल्या तिसऱ्याने हेडर वाचू नये, यासाठी जानेवारी २०२३ च्या आरएफसी ९३३५ ने हेडरच्या जोडण्याही कुलूपबंद करण्याची सोय दिली आहे, त्यामुळे खूण फक्त त्या सर्व्हरला दिसते. बैठक पुढे पाठवणाऱ्याला पाठवण्यापुरते सांगणे आणि त्याहून तसूभर जास्त न सांगणे, हाच इथला योग्य तोल आहे.

काही अनुभवी अभियंते वेगळा युक्तिवाद करतात. थरांची भानगड हवीच कशाला? एकाच कॅमेऱ्याची तीन स्वतंत्र चित्रे, लहान, मध्यम आणि मोठे, एकाच वेळी पाठवा. सर्व्हर प्रत्येकाला त्याच्या ऐपतीचे निवडून देईल. याला सायमलकास्ट म्हणतात आणि ते अनेक ठिकाणी चांगले चालते. त्याचा जादा भार वाटतो तितका मोठा नाही, कारण लहान दोन चित्रे मोठ्याच्या मानाने हलकी असतात. आकाराच्या थरांनाही काही भार पडतोच, बर्लिनच्या गटाने तो सावध रचनेत सुमारे १० टक्के दाखवला होता. म्हणजे केवळ बिटांच्या हिशेबावर थरांची बाजू मांडणे पुरेसे नाही. खरा फरक दोन ठिकाणी आहे. सायमलकास्टमध्ये एका चित्रावरून दुसऱ्यावर जायचे तर नवा की-फ्रेम मागावा लागतो; तो आकाराने मोठा असतो आणि मोठ्या बैठकीत अशा मागण्यांचा मारा होतो. थरांत खाली उतरायला काहीच मागावे लागत नाही, आणि वर चढताना फक्त वरचा थर ताजा करून मागता येतो. मार्च २०२५ च्या आरएफसी ९६२७ ने नेमकी ही मागणी करण्याचा संदेश ठरवला. दुसरे म्हणजे पॅकेट हरवणे. वरच्या थराचे पॅकेट हरवले तर खालचा थर शाबूत राहतो, आणि रेंज येत-जात असलेल्या गावात याचे मोल सर्वाधिक. आणि सिग्नलिंगपासून सायमलकास्टचीही सुटका नाही. त्याचे एसडीपीतले मानक आरएफसी ८८५३ म्हणून प्रसिद्ध व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. एकमेकांत अडकलेले डझनावारी वेबआरटीसी दस्तऐवज त्या महिन्यात एकदम बाहेर पडले. तोवर अवघे जग वर्षभर पडद्यावर बैठका घेऊन चुकले होते.

सर्वांत कठीण आक्षेप व्यापाराचा आहे. झूमने सुरुवातीपासून दोन्ही टोकांना आपलेच ॲप ठेवले, थर वापरले, आणि एप्रिल २०२० मध्ये दिवसाला ३० कोटी सहभागांपर्यंत पोहोचले. त्यांना कोणत्या सामाईक सिग्नलिंगची गरज पडली? नाही पडली, हे उघड आहे. पण ज्याच्या दोन्ही टोकांना एकच कंपनी आहे, त्याच्यापुरते हे उत्तर झाले. ग्राहकाचे काय? न्यायालय एक ॲप वापरते, विद्यापीठ दुसरे, दवाखाना तिसरे, आणि एका ॲपवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकत नाही. आपण टेलिफोनमध्ये हे कधी सहन केले नसते. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल मार्केट्स ॲक्टच्या सातव्या कलमात मोठ्या संदेशसेवांना दुसऱ्या सेवांशी जोडून घेणे बंधनकारक केले आहे. मजकुराची जोडणी आधी, आणि व्हॉइस व व्हिडिओ कॉलसाठी नामनिर्देशनापासून चार वर्षांची मुदत. सप्टेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲप आणि मेसेंजर या यादीत आले, म्हणजे त्यांच्यासाठी ही मुदत २०२७ मध्ये भरते. तेव्हा एका कंपनीचे थर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून जातील, आणि पॅकेटावरची खूण सामाईक नसेल तर पुन्हा तोच गेटवे, तीच उलगड आणि तोच उशीर वाट्याला येईल.

काम अपुरे आहे हेही सांगितले पाहिजे. पॅकेट टाकावे की ठेवावे, हे सांगणारी खूण आता आहे. पण ‘मला याचे मोठे चित्र दे, त्याचे लहान पुरे’ ही पाहणाऱ्याची मागणी सर्व्हरला कळवण्याचे सर्वमान्य वाक्य अजून नाही. प्रत्येक ॲप ती आपल्या खासगी वाटेने पाठवते. लिंकच्या काळात जे भगदाड होते त्याचा हा उरलेला भाग. तो बुजवताना पुन्हा प्रत्येक शक्यता आधीच लिहून ठेवण्याचा मोह होईल, आणि तो टाळायला हवा. मागणी लहान असावी, क्षणात बदलता यावी, आणि तिचे उत्तर न मिळाले तरी बैठक चालू राहावी.

महाराष्ट्रात न्यायालये, विद्यापीठे, जिल्हा रुग्णालये यांच्यासाठी बैठकीच्या यंत्रणा विकत घेतल्या जातात, तेव्हा निविदेत कोडेकचे नाव आणि पडद्याचे ठिपके लिहिले की तांत्रिक बाजू संपली, असे समजू नये. थर कोणते, ते पॅकेटावर कोणत्या प्रसिद्ध मानकाने सांगितले जातात, आणि दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला ते न उलगडता वाचता येतात का, हे तीन प्रश्न निविदेत असावेत. पुण्या-मुंबईतले जे अभियंते रोज हीच पॅकेटे हाताळतात, त्यांनीही या चर्चेत उतरावे. आयईटीएफमध्ये सभासदत्व नसते, वर्गणी नसते. मसुदा वाचून त्यावर मत देण्याचा हक्क कोणालाही आहे, आणि तेथे आलेले मत कंपनीचे नव्हे तर त्या व्यक्तीचे मानले जाते.